निधी दिल्लीचा, दीड लाख मात्र आपले

सादर नमस्कार. मी पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. मिस्टर जळगावला एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. जानेवारी २०२० मध्ये आम्ही जळगावच्या कडेला, नवीन वस्ती होतेय त्या भागात टू बीएचके बुक केला आणि करारनामा नोंदवला. किंमत २४ लाख. आजवर १९ लाख गेले. त्यात १६ लाख बँकेचे, मंजूर कर्ज १९ लाखांचं आहे. ताबा डिसेंबर २०२२ ला मिळणार होता. इमारतीत ५६ फ्लॅट, त्यातले ३८ विकलेले. स्लॅब सगळे टाकून झालेत, विटकाम तिसऱ्या मजल्यापर्यंत आलंय आणि २०२२ च्या दिवाळीनंतर साइटवर फक्त वॉचमन आहे. भाडंही आम्हीच भरतो, हप्ताही आम्हीच. सासूबाई रोज म्हणतात, ‘घर ना दार, पन हप्ता दर महिनाले.’

गेल्या महिन्यात बिल्डरने सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, रखडलेल्या प्रकल्पांसाठी केंद्र सरकारचा हजारो कोटींचा निधी आहे, आपली फाइल दिल्लीत आहे, साडेतीन कोटी मंजूर होतील. फक्त प्रत्येकाने ‘प्रोसेसिंग’चे दीड लाख द्या आणि पाचशेच्या स्टॅम्पवर सही करा. शिवाय पंतप्रधान आवासचे अडीच लाख प्रत्येकाला मिळतील म्हणे. असा निधी खरंच आहे का? आम्हाला मिळेल का? पैसे भरावेत का? की सासूबाई म्हणतात तसे पैसे परत मागून मोकळं व्हावं?

— एक शिक्षिका, पारोळा

ताई, तातडीचं आधी सांगतो. दीड लाख देऊ नका आणि त्या स्टॅम्पवर सही करू नका. बाकीचं सावकाश, चहा घेत वाचलंत तरी चालेल.

निधी खरा आहे. म्हणूनच बैठकीत कोणी उठून ‘हे काय सांगताय?’ असं विचारलं नसणार. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने रखडलेल्या परवडणाऱ्या आणि मध्यम उत्पन्न गटाच्या घरांसाठी एक खास निधी जाहीर केला. त्याला ‘स्वामी’ निधी म्हणतात. लक्ष्य २५ हजार कोटींचं होतं आणि त्यात सरकारचा वाटा १० हजार कोटींपर्यंत. कारभार स्टेट बँकेच्या गटातली एक गुंतवणूक कंपनी पाहते. प्रत्यक्षात १५,५३० कोटी जमले. २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी सांगितलं की यातून ५० हजार घरं पुरी झाली, आणि त्याच भाषणात १५ हजार कोटींच्या दुसऱ्या निधीची घोषणा केली. आणखी एक लाख घरं पुरी करायची, असं त्याचं उद्दिष्ट. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही असा निधी वाढवण्याचा विचार करा, असं सरकारला सुचवलं. तेव्हा तुमच्या बिल्डरने पेपर नीट वाचलाय, एवढं मान्य करायला हवं.

पण हा पैसा कसा येतो, ते त्यांनी सांगितलं नाही. हे अनुदान नव्हे, व्याजासकट फेडायचं कर्ज आहे. वर ते कर्ज देणारा आधी विचारतो, ‘माझी परतफेड कशातून?’ केळीची बाग निसवली, घड बाहेर पडले आणि ऐन मे महिन्यात विहीर आटली, तर शेवटच्या चार पाण्यांसाठी उधार देणारा भेटतो, कारण घड त्याला समोर दिसतो. ज्या बागेत खोडंच वाळली आहेत, तिथे टँकर कोणी पाठवत नाही. हा निधी त्या शेवटच्या पाण्यासाठी आहे. उरलेली घरं विकून आणि खरेदीदारांकडची बाकी येऊन बांधकामाचा खर्च भागतो, शिवाय कर्जही फिटतं, असं कागदावर दिसलं तरच पैसा सुटतो.

सुटला तरी तो बिल्डरच्या हाती पडत नाही. वेगळ्या खात्यात राहतो, कामाचा टप्पा तपासून मगच दिला जातो आणि प्रकल्पावर पहिला बोजा, म्हणजे वसुलीचा पहिला हक्क, या निधीचा बसतो. म्हणजे आधी ज्याने कर्ज दिलंय त्याला मागे सरकायला राजी करावं लागतं. विकासकाचा नफा रांगेत शेवटी. प्रकल्प रेराकडे, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या नियामकाकडे (आपल्या राज्यात महारेरा) नोंदलेला हवा. घराचं चटईक्षेत्र २०० चौरस मीटरच्या आत आणि आपल्यासारख्या शहरात किंमत १ कोटीच्या आत हवी. या दोन अटींत तुमचे ५६ फ्लॅट आरामात बसतात. थकीत कर्जामुळे प्रकल्प बँकेच्या काळ्या यादीत असला, तरी तेवढ्यावरून अर्ज बाद होत नाही.

मग अडतं कुठे? आकारावर. मार्च २०२३ मध्ये सरकारने जी माहिती दिली, तिच्यानुसार तोवर सुमारे १३० प्रकल्पांना मिळून १२ हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर झाली होती. भागाकार करा. एका प्रकल्पामागे ९० कोटींच्या वर. बोरिवलीतल्या ज्या प्रकल्पातली घरं या निधीतून सगळ्यात आधी, २०२१ मध्ये पुरी झाली, तो मुंबईतला भलामोठा गृहसंकुलाचा प्रकल्प. साडेतीन कोटींसाठी कागद तपासायचे, वकील नेमायचे, अभियंता पाठवायचा, महिन्याला देखरेख ठेवायची, हा खर्च त्यांना परवडत नाही. यात बिल्डरचा दोष नाही. दोष असेल तर योजनेच्या आखणीचा. जळगाव, धुळे, नंदुरबारला रखडतात त्या इमारती पन्नास-साठ घरांच्या. त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या पातळीवर, छोट्या रकमेची, अशीच कडक देखरेखीची सोय हवी असं माझं ठाम मत आहे. धुळ्याच्या देवपुरातून आणि भुसावळहून याच रडगाण्याची पत्रं माझ्याकडे आली आहेत. पण ती सोय होईल तेव्हा होईल. तुमचा हप्ता पाच तारखेला आहे.

हा निधी मागताना खरेदीदारांकडून वर्गणी काढायची, अशी पद्धत नाही. कर्जाची तपासणी आणि कागदपत्रं यांचा खर्च कर्ज मागणाऱ्याचा. ३८ जणांकडून दीड-दीड लाख म्हणजे ५७ लाख होतात. एवढ्या पैशात बंद साइटवर निदान विटकाम तरी पुढे सरकलं असतं. बिल्डरची नियत मी इथे बसून ओळखू शकत नाही. कदाचित तो खरंच गाळात रुतलाय आणि मिळेल ती काडी धरतोय. तरी त्याला एकच सांगा: ‘भाऊ, अर्जाची पोच दाखवा, निधी सांभाळणाऱ्या कंपनीचं पत्र दाखवा. मंजुरीपत्र आलं की पुढचं बोलू.’ फाइल दिल्लीत आहे हे वाक्य ऐकलं की माझे तरी कान टवकारतात. निधीचं व्यवस्थापन करणारी ती कंपनी मुंबईची आहे.

पंतप्रधान आवासबद्दलही ऐका. अडीच लाखांपर्यंतची मदत लाभार्थी कुटुंबाला मिळते, रखडलेल्या इमारतीला नाही. तिला उत्पन्नाच्या मर्यादा आहेत, आणि देशात कुठेही पक्कं घर नसावं ही अट आहे. नव्या टप्प्यातलं व्याज अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांचं आहे, आणि तेही १ सप्टेंबर २०२४ किंवा त्यानंतर मंजूर होऊन उचललेल्या कर्जावर. तुमचं कर्ज २०२० चं. तो विषय इथेच संपला.

सरकारी पैसा घरांवर ओतला की घरं उभी राहतात, या समजुतीला आपल्या जळगावात तरी थारा नसावा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नगरपालिकेने हुडको या केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेचं कर्ज काढून सुमारे ११ हजार घरकुलांची योजना हाती घेतली. ठेकेदाराला आगाऊ रकमा दिल्या गेल्या. घरं त्या मानाने मोजकीच पुरी झाली, उरलेल्यांचे सांगाडे वर्षानुवर्षं उभे राहिले. २००६ मध्ये गुन्हा दाखल झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं आणि मग अपिलं सुरू झाली. कर्जाचं ओझं मात्र शहराच्या बोडक्यावर कितीतरी वर्षं राहिलं. आधी पैसा आणि मग काम, असा उलटा क्रम लावला की हे होतं. नव्या निधीत टप्पे आणि वेगळं खातं का आहे, ते यावरून कळेल. आणि तुमचा बिल्डर आगाऊ दीड लाख मागतोय तेव्हा तो नेमका तोच उलटा क्रम तुमच्यापुढे ठेवतोय.

आता तुमच्या इमारतीची खोडं हिरवी आहेत का ते पाहू. यासाठी बिल्डरच्या तोंडाकडे बघत बसायची गरज नाही. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. तो तुमच्या करारनाम्यावर असेल. प्रकल्पाच्या खात्यातून पैसे काढताना विकासकाला तीन दाखले द्यावे लागतात: वास्तुविशारदाचा फॉर्म १, अभियंत्याचा फॉर्म २, सनदी लेखापालाचा फॉर्म ३. फॉर्म ३ मन लावून वाचा. काम पुरं करायला अजून किती खर्च येईल, विकलेल्या घरांकडून किती येणं बाकी आहे, न विकलेल्या घरांतून अंदाजे किती मिळेल, हे तिन्ही आकडे त्यात शेजारी-शेजारी बसलेले असतात. त्याखेरीज दर तिमाहीची प्रगती आणि फॉर्म ५ म्हणजे वार्षिक लेखापरीक्षणही तिथे टाकावं लागतं. विकासकाने ते टाकायचं सोडून दिलं असेल, तर ती तक्रारीची पहिली ओळ.

तोवर तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरून मी गोळाबेरीज करून पाहिली. तुमच्याकडून ५ लाख येणं आहे. बाकीचेही साधारण त्याच टप्प्यावर असतील असं धरलं, तर ३८ घरांचे १ कोटी ९० लाख. न विकलेले १८ फ्लॅट. बदनाम इमारतीत २४ चा भाव कोणी देणार नाही, म्हणून २० लाख धरतो. ते ३ कोटी ६० लाख. एकूण साडेपाच कोटी. बिल्डर खर्च साडेतीन सांगतो. बंद पडलेलं काम पुन्हा उभं करताना, मजुरी आणि मालाचे भाव पाहता मी सव्वाचार धरीन. उरले सव्वा कोटी. आता सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपतं: या जमिनीवर आधीचं कर्ज किती आहे? सव्वा कोटीच्या आत असेल तर इमारत तरते. तीन कोटी असेल तर स्वामी काय, साक्षात कुबेर आला तरी सावधच राहील.

म्हणून सिटी सर्व्हेचा उतारा काढा, नाहीतर सातबारा, आणि ‘इतर हक्क’ रकाना बघा. दुय्यम निबंधकाकडे गहाणखताचा शोध घ्यायला वकिलाला सांगा. बँकेबरोबर पतसंस्थेचा बोजाही शोधायला सांगायचं. आपल्याकडच्या पतसंस्थांनी बिल्डरांना कशी कर्जं वाटली, हे ठेवी अडकलेल्या कोणालाही विचारा. जमीन मूळ शेतकऱ्याच्या नावावर असून बिल्डरकडे नुसता विकसन करार असेल, तर त्या शेतकऱ्याचे वाट्याचे फ्लॅट ‘न विकलेल्या’ अठरांत मोजलेले नाहीत ना, तेही पाहा. हा घोळ खानदेशात फार होतो. बेरीज छान दिसते आणि सहा फ्लॅट आपले नसतातच.

वरच्या हिशेबातली एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. तुमच्या ३८ घरांची बाकी १ कोटी ९० लाख. उरलेल्या कामाच्या जवळजवळ निम्मी. म्हणजे काम सुरू करण्यापुरता पैसा या शहरातच आहे, तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या न उचललेल्या गृहकर्जांत आणि बाकी हप्त्यांत. तो अडलाय, कारण कोणाचाच बिल्डरवर विश्वास नाही, आणि काम झाल्याशिवाय बँकही पुढचा हप्ता सोडणार नाही. जिन्याला कठडा बसला, लिफ्ट आली, रंग दिसला की अठरापैकी पाच-सहा फ्लॅट विकायला त्रास पडू नये.

तो विश्वास निर्माण करायचं साधन म्हणजे तुमची संस्था. ५६ पैकी २९ घरं विकली गेली की निम्म्याच्या वर होतात. तुमची तर ३८ झाली आहेत. एवढी घरं विकली गेली की सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवण्याची जबाबदारी विकासकावर येते. तो टाळत असेल तर त्याच्याशिवाय सहकार खात्याच्या निबंधकांकडे अर्ज करायची सोय कायद्यात आहे. हे काम आधी करा. ३८ जण ३८ ठिकाणी भांडत असतील तर बिल्डर प्रत्येकाला वेगळी तारीख देतो. अध्यक्ष एखादा रिटायर्ड माणूस करा. भुसावळच्या रेल्वेतून निवृत्त झालेला हिशेबनीस तुमच्या ३८ घरांत सापडला तर सोन्याहून पिवळं.

संस्था झाली की रेरा कायद्याचं आठवं कलम तुमच्या कामाचं आहे. प्रकल्पाची नोंदणी संपली किंवा रद्द झाली, तर उरलेलं काम कोणी करायचं हे महारेरा शासनाशी सल्लामसलत करून ठरवते, आणि ते काम घेण्याचा पहिला हक्क खरेदीदारांच्या संस्थेचा असतो. संस्था स्वतः कंत्राटदार नेमते किंवा दुसरा विकासक आणते. ऐकायला गोड वाटतं, पण फार जीव खाणारं काम आहे. बांधकाम परवानगीचं महापालिकेकडून नूतनीकरण, जुन्या ठेकेदाराची देणी, दर आठवड्याला साइटवर कोणीतरी उभं राहणं, आणि बैठकीत ‘मी आधीच जास्त भरलेत’ म्हणणारे चार जण. हे झेपणार नसेल तर त्याच बिल्डरकडून, पण संस्थेच्या देखरेखीखाली काम करून घेण्याचा पर्याय महारेरासमोर मांडता येतो. तुमच्या बिल्डरने पळ काढलेला नाही, बैठका घेतोय. त्यामुळे मी आधी हाच पर्याय चाचपून पाहीन. महारेराचा सलोखा मंच आहे, तिथे दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतात. सुनावण्या ऑनलाइन होतात, मुंबईच्या खेपा पडत नाहीत.

कोणताही मार्ग घ्या, आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर आणा. २०२२ पासून जळगावचे उन्हाळे आणि पावसाळे त्या सांगाड्याने उघड्यावर काढलेत. गच्चीवर जा आणि कॉलमच्या वर निघालेल्या सळया पाहा. नुसता तांबूस थर असेल तर तारेच्या ब्रशने निघतो. बोटाने पापुद्रे सुटत असतील आणि सळई बारीक झाली असेल, तर सव्वाचार कोटींचा माझा आकडा विसरा. स्लॅबच्या खालून पांढरे ओघळ आणि सळईच्या रेघेत चिरा दिसतात का, तेही बघा. हा अहवाल जेमतेम काही हजारांत होतो, ३८ घरांत विभागला तर चहापाण्याचा खर्च. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात चौकशी करा, कोणाकडे जायचं ते तिथे कळेल.

आता तो स्टॅम्प. त्यात काय लिहिलंय ते पत्रात नाही, पण अशा कागदांत तीन गोष्टी हटकून घुसवलेल्या असतात. एक, मुदतवाढीला संमती. ही संमती विकासकाला निम्म्याहून जास्त खरेदीदारांची हवी असते, म्हणजे तो तुमच्या हातातला पत्ता आहे, फुकट टाकायचा नाही. दोन, रेराकडे तक्रार करणार नाही आणि उशिराचं व्याज मागणार नाही. तीन, नवा भागीदार आणायला संमती. प्रकल्प दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती आणि महारेराची आगाऊ मान्यता लागते. तुमच्यात ती २६ जणांची होते. बिल्डर सगळ्यांच्या सह्या एकाच बैठकीत का गोळा करतोय, ते समजलं ना? संमती देऊ नका असं मी म्हणत नाही. ती संस्थेच्या ठरावाने द्या, बदल्यात कामाचं वेळापत्रक आणि खात्यावर देखरेख मिळवून.

सासूबाईंचा प्रश्न राहिला. त्यांचं म्हणणं कायद्याला धरून आहे. रेरा कायद्याच्या अठराव्या कलमाप्रमाणे ताबा वेळेत नाही दिला तर खरेदीदार व्याजासह सगळे पैसे परत मागू शकतो, आणि हा हक्क बिनशर्त आहे असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. घर हवंच असेल तर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याला व्याज. दर स्टेट बँकेच्या कर्जदरावर दोन टक्के असा ठरतो. मागच्या काही वर्षांत तो नऊ ते अकराच्या दरम्यान राहिला. १९ लाखांवर दहाने धरलं तरी वर्षाला १ लाख ९० हजार, महिन्याला सोळा हजारांच्या आसपास. तुमचं भाडं यातून सुटतं. कागदावर.

पण आदेश मिळणं वेगळं आणि पैसे मिळणं वेगळं. बिल्डरने दिले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायची असते. तहसीलदार जप्ती कशाची करणार? त्याच अर्धवट इमारतीची. आणि ३८ पैकी १५ जणांनी परतावा मागितला तर वरच्या हिशेबातली ‘येणी’ उलटी होऊन ‘देणी’ बनतात, आणि इमारत बुडते ती सगळ्यांना घेऊन. म्हणून जुना बोजा सव्वा कोटीच्या आत निघाला तर परतावा मागू नका, घर आणि व्याज मागा. पुढे काम सुरू होण्याच्या बदल्यात व्याजात थोडी सूट द्यायची वेळ आली, तर त्यातही कमीपणा मानू नका. बोजा तीन कोटींचा निघाला, किंवा सळया गेलेल्या निघाल्या, तर मात्र सासूबाईंचं ऐका, आणि उशीर करू नका.

दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात जाऊ असं कोणीतरी वकील सुचवील. १०० खरेदीदार किंवा एकूण खरेदीदारांच्या दहा टक्के लागतात, म्हणजे तुमच्यात चार जण पुरतात, तेव्हा मोह होणार. थकीत रक्कम एक कोटीच्या वर लागते; चौघांचे १९-१९ लाख मिळून ७६ लाखच होतात, पण आणखी दोघं आले की तीही होईल. ५६ घरांच्या इमारतीसाठी मी त्या वाटेला जाणार नाही. व्यावसायिकांची फीच सव्वा कोटीचा मोठा तुकडा खाऊन जाईल, आणि प्रकरण अवसायनात, म्हणजे कंपनी मोडीत काढण्यापर्यंत, गेलं तर स्वामी निधीचंही दार बंद.

बँकेकडे लक्ष द्या. न उचललेले ३ लाख कामाच्या टप्प्याशिवाय कोणाला देऊ नयेत असं लेखी कळवा. हप्ता थांबवू नका, राग बिल्डरवरचा आणि सिबिल खराब होईल मिस्टरांचं. आणखी एक बारीक फटका: जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजावर २ लाखांची वजावट मिळते, पण ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतलं ते संपल्यापासून पाच वर्षांत घर पुरं व्हावं लागतं. तुमचं कर्ज मार्च २०२० च्या आत घेतलेलं असेल, तर तुमची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपली. यापुढे ती वजावट ३० हजारांवर येते. महारेरासमोर नुकसानभरपाई मागाल तेव्हा हा आकडाही मांडा, बहुतेक जण विसरतात.

तक्रारीची फी ५ हजार आहे. संस्था होईपर्यंत थांबायचं की आधीच वैयक्तिक तक्रार टाकायची, हे वकिलाशी बोलून ठरवा. मी असतो तर संस्थेच्या अर्जाची पोच हातात आल्यावर तक्रार टाकली असती, म्हणजे सुनावणीत एकटं बसावं लागत नाही.

या रविवारी बिल्डरला न बोलावता तुम्ही ३८ जण भेटा. जळगावात हॉल भाड्याने घेऊ नका, कोणाच्या तरी गच्चीवर बसा, सोबत शेवभाजी ठेवा, गर्दी आपोआप होते. त्या दिवशी दोनच कामं करायची: संस्थेच्या अर्जावर सह्या, आणि इंजिनीअर व गहाणखताचा शोध-अहवाल यासाठी प्रत्येकी हजार रुपये, पावतीसह. ज्यांनी दीड लाख आधीच दिले असतील त्यांची नावं वेगळी लिहून घ्या आणि ते रोखीने दिले की खात्यावर, तेही लिहा. करारात नसलेली ही रक्कम परत मागण्याचं पत्र संस्थेकडून जाऊ द्या. फॉर्म ३ आणि बोजाचा उतारा हाती आला की त्यातले आकडे मला कळवा. माझी बेरीज चुकत असेल तर पुढच्या सदरात दुरुस्त करू.